कोरा नकाशा आणि शिडाची होडी

इंग्रजी वाङ्मयाच्या आमच्या अभ्यासक्रमात आर्थर रॅन्समचे नाव नाही. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. ज्या लेखकावर परीक्षेत प्रश्न येत नाही, त्याला वाचताना मन कसे मोकळे असते. ग्रंथालयात मुलांची म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तके चाळताना त्याचे 'सीक्रेट वॉटर' माझ्या हाती आले आणि त्यातला नकाशा पाहून मी तिथेच बाकावर बसलो. समुद्राला लागून एक उथळ आखात, त्यात लहानमोठी बेटे आणि बेटांमधून सापासारख्या वळत गेलेल्या खाड्या. माझे बालपण कोकणातल्या एका खाडीच्या काठी गेले आहे. ओहोटीला पाणी कुठवर मागे जाते, कुठल्या चिखलात पाय घोट्यापर्यंत जातो आणि कुठल्या चिखलात मांडीपर्यंत, हे आजोबांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवले होते. हजारो मैलांवरच्या एका इंग्रज माणसाने तेच ज्ञान कथेचा विषय केलेले पाहून मला त्याच्याविषयी कुतूहल वाटू लागले. पुस्तक वाचून झाले, मग दुसरे, मग तिसरे, आणि शेवटी त्याचे चरित्र. ते चरित्र वाचून मात्र मी बराच अस्वस्थ झालो. हा लेख त्या अस्वस्थतेपोटीच लिहीत आहे.

आधी त्या आखाताविषयी सांगतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, वॉल्टन-ऑन-द-नेझ या गावाच्या पाठीमागे हॅमफर्ड वॉटर नावाचे एक आडोशाचे पाणी आहे. उत्तर समुद्राच्या लाटा बाहेरच्या वाळूवर फुटतात; आत येईपर्यंत त्यांचा जोर सरलेला असतो. उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे बारा फुटांचा फरक पडतो. भरतीला सारे आखात आरशासारखे चकाकते. ओहोटीला पाणी अरुंद वाटांपुरते उरते आणि दोन्ही बाजूंना करडा, ओला, बुडबुडणारा चिखल उघडा पडतो. आपल्याकडे अशा जागी तिवरांचे रान माजते. तिथल्या थंडीत तिवर जगत नाहीत; त्यांच्या जागी मांसल, खारट पानांची बुटकी झुडपे आणि उन्हाळ्यात जांभळी फुलणारी सी-लॅव्हेंडर असते. चिखलात किडे, गोगलगायी आणि शिंपले यांची रेलचेल, म्हणून पक्ष्यांचीही. सशांनी सोडलेल्या बिळांत घरटे करणारी शेलडक बदके, गोट्यांच्या पुळणीवर उघड्यावर अंडी घालणारे छोटे सुरय, आणि जरा चाहूल लागताच ओरडून साऱ्या खाडीला जागे करणारे लाल पायांचे रेडशँक. हे रेडशँक हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांतही येतात. शरद ऋतूत सैबेरियाच्या तैमिर भागातून ब्रेंट जातीचे काळसर हंस उतरतात आणि हिवाळाभर तिथले पाणगवत खाऊन राहतात. आज हा सारा भाग राष्ट्रीय निसर्गराखीव म्हणून जपला जातो. रॅन्सम तिथे होडी घेऊन जात असे तेव्हा त्याला असला काही दर्जा नव्हता. शिकारी येत, मासेमार येत, सुटीत मुले येत, आणि कधी कधी हा जाडजूड, मिशाळ, तोंडात पाइप धरलेला पन्नाशीचा गृहस्थ येई.

आर्थर रॅन्समचा जन्म 18 जानेवारी 1884 रोजी लीड्स येथे झाला. वडील सिरिल रॅन्सम तेथील महाविद्यालयात इतिहासाचे प्राध्यापक होते आणि मासेमारीचे भारी शौकीन. सुटी लागली की सारे कुटुंब सरोवरांच्या प्रदेशात कॉनिस्टन सरोवराच्या टोकाशी असलेल्या एका शेतघरी जाई. तिथे पोचल्यावर लहानगा आर्थर कोणाला न सांगता धावत पाण्याशी जाऊन त्यात हात बुडवी. आपण खरोखर आलो, याची ती त्याची खूण होती. वडिलांनी एकदा, पोरगे उपजतच पोहते का हे पाहण्यासाठी, त्याला होडीतून पाण्यात टाकले. पोरगे दगडासारखे खाली गेले. पुढे लीड्सच्या तरणतलावात तो गुपचूप एकटाच पोहायला शिकला. वडिलांना मुलगा काही कामाचा होईलसे वाटत नसे, आणि ते मत बदलायला त्यांना आयुष्यही पुरले नाही. रात्री मासे धरायला गेले असता एका जुन्या जात्याच्या दगडाला ठेचकाळून त्यांच्या पायाला दुखापत झाली. ती चिघळत गेली, पाय कापावा लागला आणि 1897 साली ते वारले. आर्थर तेव्हा तेरा वर्षांचा होता. वडिलांना आपले काहीतरी करून दाखवायचे राहून गेले, ही रुखरुख त्याच्या मनातून कधी गेली नाही. पुढच्या साऱ्या गोष्टी सांगताना मला हे तेरा वर्षांचे पोर आठवत राहते.

रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत तो जाईपर्यंत, त्याला लांबचे नीट दिसतच नाही हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. चेंडू झेलता येत नाही म्हणून तो भित्रा ठरत होता. ज्याला लांबचे दिसत नव्हते त्याने पुढे शेकडो मुलांना लांबून पक्षी ओळखायला शिकवावे, हा योगायोग गमतीचा खरा. लीड्सला विज्ञानाचा अभ्यास सुरू करून तो त्याने सोडला आणि लंडनला एका प्रकाशकाकडे आठवड्याला आठ शिलिंगांवर निरोप्याचे काम धरले. लेखक व्हायचे एवढेच ठरले होते, काय लिहायचे हे ठरले नव्हते. अशा अवस्थेतली मुले आपल्या वर्गातही आहेत. मीही त्यांतलाच एक.

कॉनिस्टनला एका ओढ्यातल्या खडकावर आडवा होऊन तो कविता जुळवत असता एका गृहस्थाने, हा जिवंत आहे की मेला, म्हणून चौकशी केली. ते डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड, चित्रकार आणि रस्किनचे जुने चिटणीस. त्या घराने रॅन्समला पोटच्या मुलासारखे जवळ केले. त्याने त्या घरातल्या दोन मुलींना लग्नाची मागणी घातली आणि दोघींनीही ती समजूतदारपणे नाकारली. तरी येणेजाणे तसेच राहिले. त्या घरातला मुलगा रॉबिन त्याच्याबरोबर सरोवरात होडी हाकीत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे की हा रॉबिन म्हणजेच 'द आयडिया ऑफ हिस्टरी'चा कर्ता आर. जी. कॉलिंगवुड. भूतकाळातल्या माणसाचा विचार आपल्या मनात पुन्हा घडवणे म्हणजे इतिहास, हे त्याचे मत आपल्याला परीक्षेसाठी पाठ करावे लागते. ते पाठ करताना यापुढे मला डोळ्यांपुढे शीड दिसेल.

1909 साली रॅन्समने आयव्ही वॉकर हिच्याशी लग्न केले. 1910 साली त्यांना टॅबिथा ही मुलगी झाली. संसार सुरुवातीपासूनच बिघडलेला होता. त्यातच ऑस्कर वाइल्डवर त्याने लिहिलेल्या पुस्तकावरून लॉर्ड आल्फ्रेड डग्लस याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1913 साली रॅन्सम तो जिंकला, पण मनाने खचला. त्याच वर्षी, रशियन लोककथा गोळा करण्याचे निमित्त करून, त्याने रशिया गाठला. निमित्त खोटे नव्हते. भाषा शिकून त्याने 1916 साली 'ओल्ड पीटर्स रशियन टेल्स' हे सुंदर पुस्तक काढले. पण पत्नीपासून दूर जाणे हाही हेतू होता. बायकोपासून दूर जाताना तो तीन वर्षांच्या मुलीपासूनही दूर गेला. तिकडून तो तिला चित्रे काढलेली पत्रे पाठवी.

पुढची काही वर्षे एखाद्या हेरकथेत शोभावी अशी आहेत, आणि इथे मी मुद्दामच हात आखडता घेतो, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. 'डेली न्यूज'चा वार्ताहर म्हणून त्याने 1917 ची क्रांती पेट्रोग्राडमध्ये पाहिली. लेनिन, ट्रॉट्स्की, राडेक यांना तो जवळून ओळखत होता. ट्रॉट्स्कीची चिटणीस येव्हगेनिया शेलेपिना हिच्यावर त्याचे प्रेम बसले. ब्रिटिश गुप्तहेर खात्याने त्याला एस. 76 असा क्रमांक देऊन बातम्या घेतल्या, आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने हा बोल्शेविकांना फितलेला आहे म्हणून त्याच्यावर पाळत ठेवली. 2005 साली हे जुने कागद खुले झाले तरी त्याचा नेमका कल कोणाकडे होता याचा वाद मिटलेला नाही. मला वाटते, त्याचा कल येव्हगेनियाकडे होता. 1919 साली एस्टोनियाकडून मॉस्कोला तडजोडीचा एक निरोप घेऊन तो दोन फौजांच्या मधल्या मोकळ्या रानातून तोंडात पाइप धरून पलीकडे गेला, आणि येताना तिला घेऊन आला.

एस्टोनियातले रेव्हाल म्हणजे आजचे तालिन. तिथल्या समुद्रात त्याला पुन्हा होडी सापडली. पहिली इतकी मंद होती की तिचे नाव स्लग, म्हणजे गोगलगाय. दुसरीचे नाव किटिवेक. तिसरी 'राकुंड्रा' त्याने रीगा येथे मुद्दाम बांधून घेतली आणि 1922 साली बाल्टिक समुद्रात येव्हगेनिया व एक म्हातारा खलाशी यांच्यासह तिची पहिली सफर केली. त्या सफरीचे पुस्तक पुढच्याच वर्षी निघाले. पोटातल्या व्रणाने त्याला रशियातच गाठले होते. होडीत बसला की दुखणे विसरतो, असे त्याला आढळले. 1924 साली घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी रेव्हालला येव्हगेनियाशी लग्न झाले. घटस्फोटात त्याची वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके आयव्हीकडे राहिली. मुलगीही आयव्हीकडेच राहिली. त्याने पुस्तकांबद्दल पुष्कळ दुःख केले.

इंग्लंडला परतून त्याने सरोवरांच्या प्रदेशात एक जुने घर घेतले आणि 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये मासेमारीवर सदर लिहू लागला. 1928 साली कॉलिंगवुडांची थोरली मुलगी डोरा आपल्या मुलांना घेऊन उन्हाळ्यासाठी आली. तिने अर्नेस्ट अल्टुनियन या सीरियातल्या अलेप्पो येथील डॉक्टराशी लग्न केले होते. मुलांसाठी दोन होड्या घेण्यात आल्या, 'स्वॉलो' आणि 'मेव्हिस', आणि रॅन्समने मुलांना त्या हाकायला शिकवल्या. परत जाण्यापूर्वी त्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलांनी त्याला तांबड्या तुर्की सपातांचा जोड दिला. त्या सपातांच्या मोबदल्यात म्हणून त्याने 'स्वॉलोज अँड अॅमेझॉन्स' लिहिले. 1930 साली ते प्रसिद्ध झाले. चार भावंडांना त्यांचा आरमारी बाप तारेने होडी आणि बेटावरचा मुक्काम यांची परवानगी देतो, एवढ्यावर ती कथा उभी आहे. त्यानंतर 1947 पर्यंत त्याच्या एकूण बारा कादंबऱ्या आल्या. 'पिजन पोस्ट'ला 1936 साठीचे कार्नेगी पदक मिळाले. ते पदक मिळवणारे ते पहिले पुस्तक.

त्या अल्टुनियन मुलांतला रॉजर पुस्तकात सर्वांत धाकटा खलाशी म्हणून येतो. खऱ्या आयुष्यात तो डॉक्टर झाला. त्याला स्वतःला दमा होता. वर्षानुवर्षे तो स्वतःवर दम्याचा झटका ओढवून घेऊन नवनवी रसायने तपासत राहिला आणि त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट हे दम्याचे औषध सिद्ध झाले. ते श्वासातून घेण्याचे त्याने काढलेले उपकरणही विमानाच्या पंख्यावरून सुचलेले होते, कारण महायुद्धात तो वैमानिक होता. कथेतल्या पात्राने एवढे कर्तृत्व दाखवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

1935 साली रॅन्सम पती-पत्नी सरोवरांचा प्रदेश सोडून पूर्व किनाऱ्यावर सफोकमध्ये ऑरवेल नदीकाठच्या लेव्हिंग्टन गावी राहायला आली. (एरिक ब्लेअरने आपले टोपणनाव ज्या नदीवरून घेतले तीच ही नदी.) रॅन्समला सरोवराचा आता कंटाळा आला होता, त्याला खारे पाणी हवे होते. त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली आणि आपल्याच पुस्तकातल्या धीट मुलीचे नाव तिला दिले, 'नॅन्सी ब्लॅकेट'. लेव्हिंग्टनहून निघावे, ओहोटीबरोबर हारविचपर्यंत उतरावे, तिथून दक्षिणेला थोडे मैल समुद्राच्या कडेने जाऊन भरती लागताना हॅमफर्ड वॉटरमध्ये शिरावे. वारा बरा असला तर हे एका दिवसात होते.

अशा पाण्यात होडी घालण्याची रीत समुद्रातल्याहून निराळी आहे, आणि रॅन्समच्या पुस्तकांत ती इतकी बारकाईने आली आहे की माझ्या आजोबांनी ती वाचून मान हलवली असती. आत शिरायचे ते भरती चढत असताना. होडी चिखलावर बसली तरी काळजी नाही, पाणी वाढते आहे, थोड्या वेळाने ती आपोआप सुटेल. ओहोटी लागल्यावर बसली तर मात्र पुढची भरती येईपर्यंत कलंडलेल्या होडीत तासन् तास बसण्यावाचून गत्यंतर नाही. खोल वाटेच्या कडेने चिखलात डहाळ्या रोवलेल्या असतात. कोणती कुठल्या बाजूला ठेवायची हे ठाऊक असावे लागते. नसेल तर एकाने पुढे बसून काठीने खोली मोजत जायचे. इंजिन बंद, शीड अर्धे, आवाज फक्त पाण्याचा. म्हणूनच पक्षी उडत नाहीत. आणि चिखलात अडकून पडलेल्या होडीला तर पक्षी थोड्या वेळाने ओंडकाच समजू लागतात आणि अगदी जवळ येऊन चरतात. पक्षी पाहणाऱ्याला आपली फजिती अशी कामी येते.

1939 साली आलेले 'सीक्रेट वॉटर' याच आखातातले. बापाने मुलांबरोबर सुटी घालवायचे ठरवलेले असते, आयत्या वेळी आरमाराकडून बोलावणे येते. तेव्हा तो मुलांना एका बेटावर उतरवतो आणि नुसत्या धूसर कडा दाखवलेला एक कोरा नकाशा देऊन निघून जातो. तो भरून काढणे हे मुलांचे काम. ती प्रत्येक खाडी ओहोटीला आणि भरतीला, अशी दोनदा पाहतात, होकायंत्राने दिशा घेतात, चिखलात रुततात, स्थानिक मुलांशी भांडतात आणि दोस्ती करतात. एक मुलगा चिखलावरून चालायला पायांना लाकडी फळ्या बांधतो. त्याच्या पावलांचे ठसे पाहून ही मुले त्याला प्रचंड प्राणीच समजतात. पुस्तकातले बेट म्हणजे खरोखरचे हॉर्सी बेट. तिथे जायला चिखलातून एक वाट आहे; ओहोटीला तीवरून पायी जाता येते, भरतीला ती पार बुडते. तीन धाकटी मुले त्या वाटेवर मधोमध असताना दोन्हीकडून पाणी येते, तो प्रसंग मी श्वास रोखून वाचला. आमच्या खाडीतही अशी एक वाट होती आणि तिच्यावर एकदा मी उशीर केला होता, म्हणून असेल.

हे पुस्तक छापून येईपर्यंत महायुद्ध सुरू झाले होते. हारविच हे आरमाराचे ठाणे. त्या पाण्यात हौशी होड्यांना मज्जाव झाला. रॅन्समने नुकतीच बांधून घेतलेली नवी होडी गोदीत गुंडाळून ठेवली आणि 1940 साली तो पुन्हा कॉनिस्टनला गेला. आखातातली ती मुले मात्र पुस्तकात त्याच उन्हाळ्यात राहिली.

पक्ष्यांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. रॅन्समच्या आधीच्या पिढीत इंग्रज मुलांचा निसर्गाभ्यास म्हणजे अंडी जमवणे. कापूस घातलेल्या पेटीत चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेली अंडी. 1934 सालच्या 'कूट क्लब'मध्ये रॅन्समने ही रीत उलटी केली. ही गोष्ट नॉरफोकच्या संथ जलमार्गांतली. कूट म्हणजे आपल्या तळ्यांतला चांदवा. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे त्याला कुठे कुठे वारकरीही म्हणतात. काही मुलांनी घरट्यांवर पहारा ठेवायला एक मंडळ काढले आहे आणि घरट्यांना क्रमांक दिले आहेत. सातव्या क्रमांकाच्या घरट्यावर, अंडी उबत असताना, गोंगाट करणारे प्रवासी आपली मोटरबोट आणून बांधतात. विनंती करूनही हलत नाहीत. तेव्हा टॉम नावाचा मुलगा तिचे दोर सोडून देतो. दुसऱ्याच्या बोटीचे दोर सोडणे हा त्या पाण्यावरचा फार मोठा गुन्हा, तोही एका डॉक्टराच्या सभ्य मुलाकडून. पुढचे पुस्तकभर तो पळत असतो. रॅन्सम त्याला निर्दोष ठरवण्याची घाई करत नाही, दोषीही ठरवत नाही. चांदवा घरट्यावर परतलेला तेवढा दाखवतो.

हे वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली. आठ-नऊ वर्षांचा असताना मी माळावरून टिटवीची चार अंडी टोपीत घालून घरी आणली होती. आजीने ती पाहताच मला उन्हात परत पाठवले. जागा मला सापडली, अंडी मी टोके आत करून तशीच मांडली, आणि लांब जाऊन बसलो. टिटवी ओरडत घिरट्या घालत राहिली. संध्याकाळपर्यंत बसली नाही. दुसऱ्या दिवशी अंडी तिथे नव्हती. ती मुंगसाने नेली की आणखी कोणी, कोण जाणे. टॉम डजनला घर सोडून पळावे लागले. मला काहीच शिक्षा झाली नाही.

1947 च्या 'ग्रेट नॉर्दर्न?' या शेवटच्या कादंबरीत तर एक दुर्मिळ पाणबुड्या पक्षी ब्रिटनमध्ये घरटे करताना सापडतो, आणि एका बाजूला त्याची छायाचित्रे घेऊ पाहणारी मुले, दुसऱ्या बाजूला अंड्यांसाठी बंदूक घेऊन फिरणारा संग्राहक, असा सामना आहे. ब्रिटनमध्ये पक्षिसंरक्षणाचा व्यापक कायदा झाला तो त्यानंतर सात वर्षांनी, 1954 साली. कादंबरीमुळे कायदा झाला असे मी म्हणणार नाही. पण तो मानणारी मुले तोवर मोठी होत होती. त्याच 1947 साली आणखी एक गोष्ट घडली. अॅव्होसेट नावाचा, वर वळलेल्या चोचीचा काळापांढरा पक्षी इंग्लंडमधून शंभरएक वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. युद्धकाळात सफोकच्या किनाऱ्यावर माणसांची वर्दळ थांबली होती, काही पाणथळ जमिनी पाण्याखाली गेल्या होत्या. तिथे तो परत येऊन घरटी करू लागला. आज हॅमफर्ड वॉटरला जाणाऱ्याला तो सहज दिसतो. रॅन्समने 'सीक्रेट वॉटर' लिहिले तेव्हा तो तिथे घरटी करत नव्हता.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी अस्वस्थ झालो. जगातल्या कित्येक मुलांना ज्याच्यामुळे समजूतदार, विश्वास टाकणारा बाप कसा असतो हे कळले, त्याचे आपल्या एकुलत्या एक मुलीशी जमले नाही. टॅबिथा आईच्या सावलीत वाढली. बाप तिला फार थोडा भेटला, आणि भेटला तेव्हाही दोघांमध्ये आयव्हीची आठवण उभी असे. मोठेपणी तर संबंध जवळजवळ तुटलेच. येव्हगेनियापासून त्याला मूल झाले नाही. जी अल्टुनियन मुले त्याच्या पहिल्या पुस्तकाचे कारण होती, त्यांच्यापासूनही तो हळूहळू दुरावला. आपली पात्रे म्हणजे आपण केवळ पाहिलेली खरी मुले, असे लोक म्हणू लागले, आणि ते त्याच्यातल्या लेखकाला झोंबले. पुढच्या आवृत्तीतून सपातांचा उल्लेख असलेली अर्पणपत्रिका त्याने काढून टाकली. तिच्या जागी 1958 साली एक टिपण घातले. त्यात कॉनिस्टनच्या आपल्या बालपणातून हे पुस्तक जन्मले, असे सांगितले. मुलांना हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही. आपण दिलेल्या सपाता परत केल्यासारखेच ते झाले.

माझ्या एका मित्राचे म्हणणे, लेखक आणि माणूस वेगळे काढावेत. पुस्तक चांगले आहे ना, मग झाले. मला ते इतके सोपे वाटत नाही. 'सीक्रेट वॉटर'मधला बाप मुलांना बेटावर सोडून निघून जातो, आणि हे निघून जाणे म्हणजेच त्याचा विश्वास, असे पुस्तक वाचताना आपल्याला मनापासून पटते. चरित्र वाचल्यावर शंका येते की निघून गेलेल्या बापाने स्वतःसाठी लिहिलेले हे समर्थन तर नव्हे? दुसरीकडे असेही दिसते की कथेतला बाप ठरल्या दिवशी परत येतो. मुलांनी भरलेला नकाशा उलगडून पाहतो, खाडी न खाडी तपासतो. वडिलांना काही करून दाखवायचे राहून गेलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाला नेमके हेच हवे असणार. टॅबिथालाही हेच हवे असेल. रॅन्समला पहिल्या मुलाचे दुःख पुरते समजले होते, दुसऱ्याचे समजले नाही, किंवा समजूनही काही करता आले नाही. मी त्याला माफ करणारा कोण? पण पुस्तक पुन्हा वाचतो तेव्हा बाप परत येतो त्या प्रकरणाशी मी थांबतो.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. 1952 साली लीड्स विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली. इतिहासाच्या प्राध्यापकाचा तो बिनकामाचा मुलगा तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. काही वर्षांनी प्रकृतीने होडी सोडावी लागली. 3 जून 1967 रोजी तो वारला. सरोवरांच्या प्रदेशातच रसलंड येथील छोट्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. 1975 साली येव्हगेनिया वारली, तीही तिथेच आहे. त्याची 'नॅन्सी ब्लॅकेट' मोडकळीला आली होती, तिची हौशी लोकांनी डागडुजी केली, आणि तिच्यासाठी एक विश्वस्त संस्थाही निघाली.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो होतो. आजोबा आता नाहीत. त्यांची होडी माडाखाली उपडी पडलेली आहे, तिच्या दोन फळ्या गेल्या आहेत. सकाळी ओहोटी होती. मी वही घेऊन बांधावर बसलो आणि आमच्या खाडीचा नकाशा काढायला घेतला. अर्ध्यातच कळले की पलीकडच्या खाजणातली वाट कुठे वळते हे मला नक्की आठवत नाही. चिखलात रेडशँक चरत होते. मी सतरा मोजले. मग बांधावरून कोणाची तरी सायकल गेली आणि ते सारे ओरडत उठले.